ग्राफिक्स कार्डाची पारख

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेतच पाठ केलेली असते. पण पाठ केलेली गोष्ट आणि पटलेली गोष्ट यांत बरेच अंतर असते, आणि ते तोडण्यासाठी कधी कधी पदरचे पैसे मोजावे लागतात. माझ्या बाबतीत ते पैसे माझेही नव्हते. थोरल्या भावाचे होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

कॉलेजच्या वार्षिकात कवितेवर लिहावे, दुष्काळावर लिहावे, संगणकावरच्या खेळांचे काय एवढे, असे काही प्राध्यापकांना वाटेल. लिहायला बसताना मलाही संकोच वाटला. पण विषय वरून खेळाचा दिसत असला तरी आतला प्रश्न पारखेचा आहे. बैल घेताना दात पाहतात, बियाणे घेताना उगवण पाहतात. मग हजारो रुपयांचे यंत्र घेताना आपण खोक्यावरचा एक आकडा पाहून का घेतो? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी जे शिकलो ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवतो.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. दादा दहावीनंतर इचलकरंजीला यंत्रमागावर गेला. तो कुणाच्या शिक्षणासाठी गेला हे घरात कुणी बोलून दाखवत नाही, पण ठाऊक सर्वांना आहे. त्याला तंबाखू नाही, मावा नाही. नाद एकच, रात्रपाळी नसेल तेव्हा संगणकावर खेळ खेळण्याचा. कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला एक संगणक त्याने स्वस्तात घेतला होता. दिवाळीच्या बोनसमधले पाच हजार रुपये त्याने माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, “ग्राफिक्स कार्ड आणायचंय. तू शिकलेला हाईस, तूच बघ.”

मी शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली. एकावर ‘२ जीबी’ लिहिले होते, दुसऱ्यावर ‘४ जीबी’. किंमत जवळपास सारखीच. चार हे दोनाच्या दुप्पट असतात एवढे गणित मला येत होते. मी चारचे खोके उचलले. त्या रात्री दादाने खेळ सुरू केला तेव्हा पडद्यावरचा घोडेस्वार घोड्यावर बसल्यासारखा नव्हे, तर छायाचित्रांच्या वहीची पाने उलटल्यासारखा चालत होता. दादा माझ्याकडे न पाहता म्हणाला, “चालतंय की.” चालत नव्हते, हे त्यालाही दिसत होते आणि मलाही. पुढे काही महिन्यांनी मला कळले की गल्ल्यावर मी सोडून आलेले दोन जीबीचे कार्डच अधिक वेगवान होते.

कार्ड करते तरी काय?

पडद्यावरचे चित्र ही ठिपक्यांची रांगोळी असते. सर्वसाधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. खेळातली हालचाल सलग वाटावी यासाठी ही सबंध रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसून पुन्हा काढावी लागते. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवायचे, आणि एका चित्राला वेळ किती, तर सेकंदाचा साठावा भाग, सुमारे १६.७ मिलिसेकंद. संगणकाचा मुख्य प्रोसेसर खेळात कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली हे ठरवतो. रंग भरण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. त्यासाठी कार्डावर एकच हुशार कारागीर नसतो, तर शेकडो साधे कामगार एकाच वेळी राबत असतात. २०१६ साली आलेल्या जीटीएक्स १०५० टीआय या कार्डात असे ७६८ गाभे आहेत. आजच्या मोठ्या कार्डांत ते हजारोंनी असतात.

यावरून पहिली गोष्ट ध्यानात येते. वेग हा पडद्यावर अवलंबून आहे. ‘फोर के’ म्हणतात त्या पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात, म्हणजे बरोबर चौपट. तेव्हा ‘हे कार्ड चांगले का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या पडद्यावर, कोणत्या खेळासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

विहीर आणि नळी

आता माझ्या चुकीकडे येतो. खोक्यावरची ‘४ जीबी’ ही कार्डाच्या स्मृतीची साठवण आहे. खेळातली चित्रे, पोत, सावल्या यांचा माल तेथे ठेवलेला असतो. पण साठवण ही विहिरीसारखी आहे. विहीर कितीही मोठी असली तरी मोटारीची नळी अर्ध्या इंचाची असेल तर पीक वाळणारच. या नळीचे माप काढण्याचे गणित सोपे आहे. स्मृतीची रुंदी बिटांत असते आणि तिचा वेग दर सेकंदाला किती गिगाबिट हे दिलेले असते. या दोहोंचा गुणाकार करून आठाने भागले की सेकंदाला किती गिगाबाइट माल वाहून नेला जातो ते कळते. जीटीएक्स १०५० टीआयचे पाहा : १२८ गुणिले ७, भागिले ८, बरोबर ११२.

नाव एकच आणि नळी वेगळी असेही घडते. जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली जीडीडीआर-५ जातीची स्मृती घेऊन आले. त्याची वाहतूक सेकंदाला ४८ गिगाबाइट. पुढच्या वर्षी त्याच नावाने, त्याच २ जीबी साठवणीने, पण डीडीआर-४ जातीच्या स्मृतीने दुसरे कार्ड विकले जाऊ लागले. त्याची वाहतूक १६.८ गिगाबाइट. खोक्यावरचे मोठे अक्षर वाचणाऱ्याला दोन्ही जुळी भावंडे वाटतील, प्रत्यक्षात एकाची नळी दुसऱ्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची. बारीक अक्षरातली ती जात वाचायला हवी. मी ती वाचली नव्हती.

याचा अर्थ साठवणीला महत्त्व नाही असा मात्र नव्हे. विहीरच आटली तर नळी काय करणार? २०२१ साली आलेल्या आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी साठवण आणि ३६० गिगाबाइटांची वाहतूक आहे. २०२३ साली आलेल्या आरटीएक्स ४०६० ला ८ जीबी आणि २७२. आकड्यांवरून जुने कार्ड सरस वाटेल. तरीही बहुतेक खेळांत नवे पुढे राहते, कारण त्याचे गाभे अधिक वेगवान आहेत आणि चिपवरच असलेला छोटा साठा पूर्वीपेक्षा बराच मोठा आहे. पाणी दर वेळी विहिरीतून ओढावे लागत नाही. पण ज्या खेळाला आठ जीबीहून अधिक जागा लागते तेथे नव्या कार्डाला धाप लागते आणि जुने शांतपणे चालत राहते. सारांश, एकही आकडा एकटा खरे बोलत नाही. म्हणून कार्ड प्रत्यक्ष खेळ चालवताना मोजलेले पाहिले पाहिजे.

सरासरीचा पाऊस

मोजमाप म्हणजे ‘सेकंदाला किती चित्रे’. पण येथेही एक खड्डा आहे, आणि तो शेतकऱ्याच्या मुलाला लगेच दिसावा. वर्षाचा पाऊस सरासरीइतका पडला असे सरकारी नोंद सांगते, पण पेरणीनंतर पंचवीस दिवस खंड पडलेला असतो आणि पीक गेलेले असते. कार्डाचेही तसेच. समजा, एका सेकंदाच्या पहिल्या अर्ध्या भागात ५० चित्रे आली आणि दुसऱ्या अर्ध्या भागात १०. सरासरी साठ, कागदावर उत्तम. पण दुसऱ्या अर्ध्या भागात खेळणाऱ्याला सेकंदाला वीस चित्रांचा रखडता वेग दिसला, आणि शत्रू नेमका तेव्हाच आला!

२०११ साली अमेरिकेतील ‘टेक रिपोर्ट’चे संपादक स्कॉट वॉसन यांनी ही गोष्ट पुढे आणली. सेकंदाची गोळाबेरीज न पाहता प्रत्येक चित्राला किती मिलिसेकंद लागले ते त्यांनी मोजले. आज चांगल्या परीक्षणात सरासरीशेजारी ‘एक टक्का नीचांक’ दिलेला असतो, म्हणजे सर्वांत रखडलेल्या एक टक्का चित्रांवरून काढलेला वेग. सरासरी ७० आणि नीचांक २५ असलेल्या कार्डापेक्षा सरासरी ६० आणि नीचांक ४८ असलेले कार्ड मी केव्हाही घेईन.

अनेक खेळांची मिळून सरासरी काढतानाही असाच घोटाळा होतो. समजा, पहिले कार्ड तीन खेळांत ४०, ५० आणि ३०० चित्रे देते; दुसरे ५०, ६० आणि २४०. साधी सरासरी पहिल्याची १३०, दुसऱ्याची सुमारे ११७. पहिले जिंकले! पण तिसरा खेळ इतका हलका आहे की २४० काय नि ३०० काय, डोळ्यांना सारखेच. जेथे खरी ओढाताण आहे त्या दोन्ही खेळांत दुसरे कार्ड पुढे आहे. यासाठी जाणकार लोक गुणोत्तर मध्य काढतात, म्हणजे तिन्ही संख्यांचा गुणाकार करून त्याचे घनमूळ. मग पहिल्याचे सुमारे ८४ आणि दुसऱ्याचे सुमारे ९० येते. एफ. वाय.ला संख्याशास्त्राच्या तासाला गुणोत्तर मध्य शिकताना ‘हे कुठे उपयोगी पडणार?’ असे मी शेजाऱ्याला विचारले होते. त्याचे उत्तर आता मिळाले.

परीक्षा आणि कॉपी

जेथे परीक्षा आहे तेथे कॉपी आहे, हे आपणा विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. २००१ साली एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० या कार्डाच्या बाबतीत एक गंमत उघडकीस आली. ‘क्वेक ३’ हा तेव्हाचा खेळ सर्व परीक्षक कसोटीसाठी वापरीत. कुणीतरी त्या खेळाच्या फाइलीतले ‘क्वेक’ हे नाव बदलून ‘क्वॅक’ केले. खेळ तोच, कार्ड तेच; पण वेग घटला आणि चित्र अधिक स्पष्ट दिसू लागले. म्हणजे कार्डासोबत येणारी आज्ञावली खेळाचे नाव ओळखून चित्राचा दर्जा गुपचूप उतरवत होती व वेग वाढवून दाखवीत होती. प्रश्नपत्रिका ओळखीची आहे हे पाहून पाठ उत्तर लिहिण्याचाच हा प्रकार. बोध असा की एकाच खेळाच्या, एकाच परीक्षकाच्या निकालावर विसंबू नये, आणि वेगाबरोबर चित्राचा दर्जाही पाहावा.

अलीकडे यात एक नवी बाब आली आहे. कमी ठिपक्यांचे चित्र काढून ते गणिताने मोठे करणे, आणि दोन खऱ्या चित्रांच्या मधे एक कल्पित चित्र घालणे. यातली दुसरी सोय एनव्हिडिया कंपनीने २०२२ मध्ये आरटीएक्स ४० मालिकेबरोबर आणली. जानेवारी २०२५ मध्ये या कंपनीने ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० जाहीर करताना, ते पूर्वीच्या १,५९९ डॉलरच्या ४०९० इतकी कामगिरी देईल असे सांगितले. पण ही बरोबरी मधल्या कल्पित चित्रांना धरून होती. अशा चित्रांनी हालचाल गुळगुळीत दिसते हे खरे. पण खेळणाऱ्याने कळ दाबल्यावर खेळ किती लवकर प्रतिसाद देतो ते खऱ्या चित्रांवरच ठरते. ताकात पाणी घातल्याने चार पाहुण्यांची सोय होते, त्यात वावगे काही नाही. फक्त ते दूध म्हणून मोजू नये.

रुपयाला किती?

आता मोलाचा प्रश्न. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी सीमान्त खर्च शिकवला तेव्हा फळ्यावर गव्हाची पोती होती, पण माझ्या वहीत कार्डे होती. समजा, वीस हजारांचे कार्ड सेकंदाला ६० चित्रे देते आणि सव्वीस हजारांचे ७५. पहिल्याचे एक चित्र ३३३ रुपयांना पडते, दुसऱ्याचे ३४७ रुपयांना. वरच्या पंधरा चित्रांचा वेगळा हिशेब केला तर सहा हजार भागिले पंधरा, म्हणजे प्रत्येकी ४०० रुपये. तेव्हा पहिले कार्ड स्वस्त.

पण थांबा. संगणक घरात आधीच असेल तरच हा हिशेब बरोबर आहे. संगणकच नवा घ्यायचा असेल आणि बाकीच्या सामानाला चाळीस हजार लागणार असतील, तर साठ हजारांत ६० चित्रे, म्हणजे एक चित्र १,००० रुपयांना. आणि सहासष्ट हजारांत ७५, म्हणजे एक चित्र ८८० रुपयांना. निकाल उलटा झाला! कार्डे तीच, किमती त्याच. फक्त कोण घेतो आहे आणि त्याच्या घरी काय आहे, एवढेच बदलले. ‘पैशाला मोल देणारे कार्ड’ असे सरसकट प्रमाणपत्र देणाऱ्यांवर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही.

आणखी एक. साठ चित्रे दाखवू शकणाऱ्या पडद्यापुढे नव्वद चित्रे ओतणाऱ्या कार्डाचे वरचे पैसे बऱ्याच अंशी वायाच. प्रोसेसर जुना असेल तर कार्ड रिकामे बसते. मळणी यंत्रात कणसे टाकणारा हात सावकाश असला की यंत्र नुसतेच घरघरते. कार्ड आणि संगणक यांमधला मार्गही पाहावा लागतो. २०२२ साली आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला अशा वाटा चारच होत्या; नव्या संगणकात त्या पुरत, जुन्यात प्रत्येक वाटेचा वेग निम्मा असल्याने काही खेळांत ते चांगलेच मागे पडे. म्हणजे स्वस्त कार्ड गरिबाने घ्यावे, आणि गरिबाच्याच जुन्या संगणकात ते कमी चालावे! विजेचाही हिशेब धरावा. १७० वॅट आणि ११५ वॅट यांतला फरक रोज चार तास धरला तर महिन्याला ६.६ युनिट होतो. एका महिन्यात क्षुल्लक, पण चार वर्षांत तीनशेहून अधिक युनिट.

जुन्या बाजारात तर दुप्पट सावध राहावे. २०२१ च्या सुमारास कार्डांचा तुटवडा होता आणि आभासी चलन ‘खणण्यासाठी’ कार्डे रात्रंदिवस राबवली जात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने ती पद्धत सोडली आणि राबवलेली पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली. राबलेले कार्ड वाईटच असते असे नाही; पण पंखा खडखडतो का, तापमान किती चढते, पडद्यावर ठिपके वा रेघा उमटतात का, हे विकणाऱ्याच्या समोर निदान अर्धा तास खेळ चालवून पाहावे. जो पाहू देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

शेवटी

हे सगळे मला आधी ठाऊक असते तर! असो. गेल्या उन्हाळ्यात दादाने पुन्हा पैसे जमवले आणि पुन्हा माझ्याच हातात ठेवले. या वेळी मी एकटा गेलो नाही, त्यालाही बरोबर घेतले. वहीत त्याचे चार खेळ लिहिले, पडद्याचे ठिपके लिहिले, वीजपुरवठ्याच्या डब्यावरचे वॅट लिहिले. कचेरीतल्या जुन्या संगणकाचा डबा लहान, म्हणून वेगळी वीजतार न लागणारे, ७५ वॅटमध्ये भागणारे एक जुने १०५० टीआय निवडले. त्याच्या पिढीला नव्या खेळांसाठीच्या सुधारणा ऑक्टोबर २०२५ नंतर मिळणार नाहीत, हे कंपनीने जाहीर केले आहे. तेही मी दादाला सांगितले. तो म्हणाला, “माझं खेळ जुनंच हाईत.” विकणाऱ्याच्या खोलीत आम्ही पाऊण तास खेळ चालवून पाहिला. नीचांक किती आला ते मी वहीत लिहीत होतो आणि दादा नुसता खेळत होता.

पहिले कार्ड आजही माझ्या टेबलावर आहे. दादा म्हणाला होता, विकून टाक, शेपाचशे येतील. मी विकले नाही. विकायचे झाले तर घेणाऱ्याला खरे सांगावे लागेल, आणि खरे सांगितल्यावर ते कोण घेणार? आता रविवारी दादाच्या कारखान्यातली एकदोन पोरे घरी येतात आणि खोक्यांचे फोटो दाखवून विचारतात, “हे घ्यावं का?” मी त्यांना आधी उलट विचारतो : पडदा कोणता, खेळ कोणता, घरी काय आहे? त्यांना वाटते मी शिकलेला आहे म्हणून इतके प्रश्न विचारतो. खरे कारण टेबलावर पडलेले असते.